दिलेली चाल

खोकल्यावरून मला कळतं ती कुठं आहे. सकाळी नळावर आली की दोनदा खोकते. पाण्याचा गुंड उचलताना आणखी एकदा. मग आवाज थांबतो, म्हणजे ती घरात गेली. तिच्या आणि माझ्या घरामध्ये एकच घर आहे. पूर्वी ती मला गाण्यावरून कळायची.

शाळेतल्या गुरुजींनी दिलेल्या वहीच्या मागच्या पानांवर हे लिहिते आहे. पुढच्या पानांवर मुलांच्या गाण्यांचे शब्द आहेत. हे कोणाला दाखवायचं नाही. मी चौथीपर्यंत शिकले. लिहिताना माझी जीभ अडत नाही हे मला फार उशिरा कळलं. बोलताना अडते, आणि तिथंच सगळं बिघडलं.

गोंदिया वेगळा जिल्हा झाला त्या साली मी लग्न होऊन या गावात आले. माहेर तिकडं गेलं, मी भंडाऱ्यात राहिले. लाखनीहून आत यायला एक रस्ता, दोन्ही बाजूंनी धानाच्या बांध्या, पाण्यानं भरलेली खाचरं. मी शाळेत मुलांची खिचडी शिजवते. हंगामात धानाची रोपं लावायला, रोवणीला जाते. चारचौघांत कोणी माझं नाव विचारलं तरी मी नवऱ्याच्या तोंडाकडे पाहायची. नवरा म्हणायचा, "हिले देवानं तोंड देल्लं, पन त्याची किल्ली नाही देल्ली." मीही हसायची.

चुलीपुढं मात्र मी गुणगुणायची. आई रोवणीच्या रांगेत पुढं गायची आणि बुद्धपौर्णिमेला विहारात बायांना चाली लावून द्यायची. गाण्याचे शब्द कोणीही लिहो, चाल आईची. तिला पेटी येत नव्हती, सारेगम येत नव्हतं. चाल तिच्या डोक्यात असायची. तिच्याकडून ती माझ्या डोक्यात आली.

गुरुजी बदली होऊन आले आणि त्यांनी विहाराच्या मागच्या खोलीत मुलांचा ऑर्केस्ट्रा काढला. एक पेटी, दोन ढोलक्या, बासऱ्या, एक बेंजो, खंजिऱ्या आणि कोणीतरी दिलेला जुना कॅसिओ, ज्याच्या तीन पट्ट्या वाजत नव्हत्या. शाळेतली मुलं होती, आणि गावातली शाळा संपवून लाखनीला शिकायला जाणारी मोठी मुलंमुलीही होती. सुरुवातीला सगळे सिनेमाच्या गाण्यांवर शब्द बसवून वाजवायचे. गुरुजींना ते आवडायचं नाही. एक दिवस ते खिचडीच्या खोलीच्या दारात उभे राहिले. मी पाठमोरी होते, गुणगुणत होते.

"बाई, ही कोणती चाल?"

मी खिचडी ढवळत राहिले.

"सिनेमातली नाही ही."

"नाही जी."

"मग कोणाची?"

"अशीच आहे जी."

ते म्हणाले, "मी मुलांना वाजवायला शिकवू शकतो. चाल बांधायला मला येत नाही. ते तुम्ही शिकवा." मी नाही म्हणाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा नाही म्हणाले. तिसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर त्यांनी सहा मुलं खिचडीच्या खोलीतच पाठवून दिली. मी सुपात तांदूळ घेऊन निवडायला बसले, मुलं सुपाभोवती बसली. मान खाली असली आणि हातात काम असलं की मला बोलता येतं. तसंच मी शिकवलं, चार वर्षं.

गावातल्या बाया नळावर म्हणायच्या, "काय व, खिचडी सोडून आता गानं शिजवून राहिली का?"

दुसरी म्हणायची, "मीठ पाहून टाकजो व माय."

मला राग यायचा नाही. खरं तर बरं वाटायचं.

शिकवायची माझी रीत म्हणजे रोवणीचीच रीत. रोवणी करणाऱ्या बाया मागं मागं सरकतात. समोर आपण लावलेलं दिसतं, मागं काय आहे ते दिसत नाही. एक रांग ओळ टाकते, दुसरी रांग ती ओळ उचलते, पण जशीच्या तशी नाही, थोडी वळवून. मग पहिली रांग वळवलेली ओळ पुढं नेते. मी मुलांना शाळेच्या मैदानात दोन रांगांत उभं करायची. एकानं ओळ टाकायची आणि एक पाऊल मागं सरकायचं. समोरच्यानं ती वळवायची आणि एक पाऊल मागं सरकायचं. मैदान संपेपर्यंत चाल तयार व्हायची, किंवा नाही व्हायची. नाही झाली तर पुन्हा पहिल्या पावलापासून. गुरुजी कुंपणापाशी उभे राहून मोबाईलमध्ये भरून घ्यायचे आणि रात्री पेटीवर बसवायचे. सकाळी सगळा ऑर्केस्ट्रा तीच चाल वाजवायचा. ज्यानं बांधली तो पोरगा किंवा पोरगी ती ऐकताना लाजून खंजिरीआड तोंड लपवायची.

तिनं, एक घर सोडून राहणाऱ्या त्या पोरीनं, मात्र तोंड लपवलं नाही. आली तेव्हा सातवीत होती. तिच्या ओळीला समोरच्याला वळवायला जागाच मिळायची नाही, इतकी ती पूर्ण असायची. मी म्हणायची, "अवो, दुसऱ्यासाठी थोडी मोकळी ठेव." ती म्हणायची, "मोकळी ठेवली तं गळून जाते मावशी."

तिचे आईबाप दरवर्षी धान कापून झालं की मिरची तोडायला तेलंगणात जायचे. गावातली अर्धी घरं जातात. ती माझ्याकडे जेवायची, माझ्याकडेच झोपायची. दहावीच्या वर्षी, आईबाप तिकडं असताना, तिनं ती चाल बांधली. शब्दही तिचेच होते. "लाल झाली वाट, माय, कधी येशील." वाट लाल म्हणजे मिरचीनं की संध्याकाळनं, मी विचारलं नाही. चाल खालून चालत यायची, साधी, कोणालाही म्हणता येईल अशी, आणि "कधी"वर एकदम वर उडायची. पायरी नाही, आधार नाही, एकदम वर. तिथं आमच्यातल्या कोणाचाच आवाज पोचायचा नाही. गुरुजी पेटीवर ती जागा शोधत राहिले. शेवटी म्हणाले, "हे माझ्या डोक्यात आलं नसतं." मी सुपातले खडे बाजूला करत राहिले. आईच्याही चालीत अशी जागा मी कधी ऐकली नव्हती.

आईनं मला एक नियम शिकवला होता आणि तो मी मुलांना शिकवला होता. कोणी चाल मागितली तर द्यायची. दुसऱ्या गावचं मंडळ आलं, कार्यक्रमासाठी चाल पाहिजे म्हणालं, तर त्यांच्यासोबत बसायचं, तीनदा गाऊन दाखवायची. ते आपले शब्द बसवतात. आणि एकदा दिली की त्यांच्या समोर आपण ती गायची नाही. आई म्हणायची, "देल्लेलं लुगडं आपन त्याइच्याच घरी नेसून जातो का?" मुलांना हे सांगताना मला मोठं काही सांगितल्यासारखं वाटायचं.

बुद्धपौर्णिमेच्या आधी रस्त्यापलीकडच्या गावचं महिला मंडळ आलं. मंडळाची बाई माझ्या ओळखीची, रोवणीला आम्ही एका रांगेत असायचो. अंगानं जाड, मनानं मोकळी, बोलायला लागली की थांबत नाही. तिनं मुलांच्या चार चाली ऐकल्या आणि म्हणाली, "हे लाल वाटेवाली दे."

पोरगी मला खोलीच्या कोपऱ्यात घेऊन गेली. हळू आवाजात म्हणाली, "मावशी, हे नको देऊ न व. दुसरी कोनतीबी दे."

"काहून?"

"माही एकच तं आहे अशी."

"दुसरी बांधशीन. तुले का कमी आहे?"

"अशी नाही बांधता येत मले दुसऱ्यांदा."

मी म्हणाले, "मागतलं तं नाही म्हनू नये." आईचं वाक्य, आईच्याच आवाजात. ती माझ्याकडे पाहत राहिली. मग जाऊन बायांच्या पुढं बसली आणि तीनदा गायली. तिसऱ्यांदा गाताना तिनं डोळे मिटले होते. मंडळाच्या बाईनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला, "काय सोन्याचा गळा आहे व पोरीचा." मला अभिमान वाटला. हे मी इथं मुद्दाम लिहून ठेवते. मला त्या वेळी अभिमान वाटला होता.

ती अकरावीला गेली. त्या हिवाळ्यात गुरुजींनी पेपरातलं कात्रण आणलं. नागपूरला मुलांचा एक मोठा ऑर्केस्ट्रा होता. स्वतः चाली बांधणारी मुलं ते निवडत होते. वर्षभर तिथं राहायचं, शिकायचं, जेवणखाण त्यांचं, कॉलेजही तिथंच करता येईल. आपल्या जिल्ह्यातल्या मुलांसाठी निवड भंडाऱ्यात होणार होती. स्वतः बांधलेली चाल गाऊन दाखवायची. सोबत मोठं एक माणूस आत नेता येईल.

तिची आई माझ्या ओसरीवर येऊन बसली. मिरचीला जायचे दिवस जवळ आले होते.

"हे पाय बाई," ती म्हणाली, "नंबर लागला तं जाऊ दे नागपूरले. नाही लागला तं आमच्यासंगं येईन मिरचीले. जवान पोरगी घरी ठेवून मी तिकडं मिरच्या तोडू का हिची फिकीर करू?"

"माह्याकडे राहीन न."

"मांगं राहिली, तवा लहान होती. तुहं मन मोठं आहे, गावाचं नाही."

"मिरचीचा ठसका बसते व गळ्याले."

"आमाले नाही बसला का?" ती उठली. "तू फक्त तिचा नंबर लावून दे."

तेव्हापासून मला धड झोप नव्हती. मी मिरचीला एकदाच गेलेली आहे, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी. वाळवणावर मिरची उलटवताना जे नाकातोंडात जातं ते महिनाभर निघत नाही. मला गळा नव्हताच, म्हणून माझं काही गेलं नाही. हिचं जाणार होतं. सकाळी भात उतरवताना, भांडी घासताना, एकच डोक्यात: हिचा नंबर लागला पाहिजे. मी आणि गुरुजींनी ठरवलं, लाल वाटेचीच चाल. महिनाभर तीच बसवली. ती चाल मी दुसऱ्या गावाला दिलेली आहे हे माझ्या मनातही आलं नाही. दिली ती दिली. त्यांचे शब्द वेगळे, त्यांचं गाव वेगळं.

निवडीच्या दिवशी आम्ही लाखनीहून एसटीनं भंडाऱ्याला गेलो. ती, मी आणि गुरुजी. तिनं बसमध्ये तोंडाला ओढणी बांधली होती, थंड वारा लागू नये म्हणून. दारावर गुरुजी म्हणाले, "आत एकच जण जाऊ शकतो. तुझ्यासोबत मी येऊ की बाई येतील?" ती म्हणाली, "मावशी." गुरुजी बाहेर पायरीवर बसले.

मोठं सभागृह. खुर्च्या, समोर टेबलामागं तीन जण, दोन पुरुष आणि एक बाई. मी मागच्या रांगेत बसले. थोड्या वेळानं माझ्या पुढच्या दुसऱ्या रांगेत जाड पाठ दिसली आणि मी ओळखली. रस्त्यापलीकडच्या मंडळाची बाई. सोबत तिची भाची, हिच्याच वयाची. मंडळाच्या आणखी दोन बाया बाहेर उभ्या होत्या, दारातून डोकावत. मला तेव्हाही काही शंका आली नाही. मी तिला पाहून हसले. ती हसली नाही.

भाचीचं नाव आधी पुकारलं. ती पेटीवर बसली आणि लाल वाटेची चाल गायली. शब्द बुद्धपौर्णिमेचे, त्यांचे. "कधी"च्या जागी त्यांचा दुसरा शब्द होता आणि तिथली उडी त्यांनी काढून टाकली होती. पायरी पायरीनं वर चढत होती, कोणालाही जमेल अशी. टेबलामागच्या बाईनं कान टवकारले.

"छान आहे. कोणी बांधली?"

"आमच्या मंडळाची आहे," भाची म्हणाली.

"तू बांधलीस का?"

भाचीनं मंडळाच्या बाईकडे पाहिलं. "हो जी."

"मग याच चालीत पुढचं कडवं आत्ता बांधून दाखव. शब्द नसले तरी चालतील."

भाची तीच ओळ पुन्हा गायली. मग पुन्हा तीच. त्यांनी काहीतरी लिहिलं आणि तिला बसायला सांगितलं.

मग हिला बोलावलं. ती पेटीपुढं बसली. भाता दाबला. समोर पाहिलं, मंडळाच्या बाईकडे. मग माझ्याकडे पाहिलं. किती वेळ पाहिलं ते मला सांगता येणार नाही. मी तिच्याकडे पाहत होते आणि मनात म्हणत होते, गा. तोंडावर माझ्या काय होतं, मला माहीत नाही. मान हलवली नाही एवढं माहीत आहे.

तिनं माझ्या आईची चाल गायली. मी तिला सातवीत सगळ्यात आधी शिकवलेली, रोवणीची.

ती चांगली गायली. टेबलामागचे एक जण म्हणाले, "गोड गळा आहे. पण ही जुनी चाल आहे ना? पारंपरिक? तुझी स्वतःची ऐकव."

तिची बोटं पट्ट्यांवरच होती.

"बांधली आहेस ना एखादी?"

ती माझ्याकडे पाहत होती.

"सोबत कोण आलंय? ताई, तुम्ही का? हिनं स्वतः बांधलेली चाल आहे का?"

मी उभी राहिले. पुढच्या खुर्चीची पाठ धरली. सगळ्या माना वळल्या. मंडळाची बाईही वळली. तिचे डोळे मला दटावत नव्हते. ती माझ्याइतकीच घाबरली होती.

"आहे जी," मी म्हणाले.

"मग ती का नाही गात?"

उत्तर एका ओळीचं होतं. थोड्या वेळापूर्वी तुम्ही ऐकली ती हिची आहे, आणि तिच्यातली एक जागा त्यांनी मोडली आहे, ती हिच्या तोंडून ऐका. एवढंच. ते माझ्या तोंडात होतं. जीभ टाळूला लागून राहिली होती. ते वाट पाहत होते, रागावले नव्हते, चांगली माणसं होती. टेबलामागची बाई म्हणाली, "सावकाश सांगा." मी खाली बसले.

बाहेर आल्यावर गुरुजींनी विचारलं, "काय झालं?"

"नाही जमलं सर," ती म्हणाली. माझं नाव तिनं घेतलं नाही. मीही माझं नाव घेतलं नाही.

परतताना बसमध्ये गुरुजी पुढं बसले, आम्ही दोघी मागं.

"काहून नाही गायली व?" मी विचारलं. मला माहीत होतं, तरी विचारलं.

"ते समोर बसले होते न. तुनंच तं सांगतलं होतं, देल्ली त्याइच्या समोर गाची नाही."

"मंग दुसरी तुही कोनती गायली असती."

"सुचलीच नाही. डोक्यात तेच वाजून राहिली होती." ती खिडकीबाहेर पाहत होती. साकोलीकडं जाणारे ट्रक आमच्या बसला मागं टाकून जात होते. लाखनी जवळ आल्यावर ती म्हणाली, "मले वाटलं, तू मान हालवशीन. गा म्हनून. तू मान हालवली असती तं मी गायली असती."

मी पदरात बांधलेलं तिकीट सोडलं आणि पुन्हा बांधलं.

हिची निवड झाली नाही. भाचीचीही नाही. मंडळाची बाई नंतर आमच्या गावात दिसली नाही.

मी पहिल्यांदा लिहिलं ते तेव्हा. गुरुजींना तोंडानं सांगता येत नव्हतं म्हणून एका पानावर सगळं लिहिलं. पण ते पान मी आठ दिवस सुपाखाली ठेवलं. रोज वाटायचं, उद्या देऊ. नवव्या दिवशी दिलं. गुरुजी खिचडीच्या खोलीत उभ्यानंच वाचू लागले, मग पाटावर बसले. त्यांनी लगेच नागपूरला फोन लावला. तिकडून कोणीतरी आदरानं बोलत होतं, मला ऐकू येत होतं. यादी लागली आहे, पुढल्या वर्षी अवश्य पाठवा. गुरुजींनी फोन ठेवला. म्हणाले, "आधी का नाही दिलं बाई?" तेही रागावले नव्हते. कोणीच रागवत नव्हतं. मला वाटत होतं, कोणीतरी मला दोन शिव्या द्याव्यात.

तिला घेऊन आईबापाची गाडी दोन दिवसांपूर्वीच गेली होती. भरलेला ट्रक, वर गाठोडी, भांडी, बाया, पोरं. मी रस्त्यावर उभी होते. तिनं वरून ओढणी तोंडावर बांधून दाखवली, म्हणजे धूळ जाणार नाही, काळजी करू नको. तिच्या आईनं मला काही म्हटलं नाही, फक्त डोक्यावरचा पदर सारखा केला.

त्या महिन्यांत मी शिकवायला बसायची, पण दोन रांगा करायचं टाळायची. मुलं म्हणायची, "मावशी, मैदानात चाल न." मी म्हणायची, पाय दुखतात. एका मुलीनं एक चाल बांधली, बरी होती. ती मला म्हणाली, "मावशी, हे कोनाले देजो नको हं." मुलांना सगळं माहीत होतं. मी हो म्हणाले.

भीमजयंतीच्या आधी ट्रक परत आला. तिला मुकादमानं वाळवणावर आणि पोती भरायला लावलं होतं. पोत्यात उतरून मिरची पायांनी दाबायची असते. हलकं काम म्हणून दिलं होतं, पोरगी नाजूक आहे म्हणून. ती उतरली तेव्हा खोकत होती. मला म्हणाली, "जय भीम मावशी," आणि मी मागं वळून पाहिलं, दुसरं कोणी बोललं की काय म्हणून. आवाज जाड झाला होता, मधेच फाटत होता. लाखनीच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं बाटली दिली, म्हणाला छाती ठीक आहे, धुळीपासून दूर राहायचं, आवाज येईल हळूहळू, किंवा येईल तेवढा येईल. बाटली संपली, दुसरी आणली.

जयंतीला ऑर्केस्ट्रा विहारापुढं वाजला. ती आली नाही. गुरुजी तिच्या घरी गेले, म्हणाले गाऊ नको, ढोलकी धर, पेटी वाजव. ती म्हणाली, "येईन सर." आली नाही. मी रोज तिच्या दारावरून जात होते आणि रोज ठरवत होते की आज तिच्याशी बोलेन. मी तिच्या आईला भाजी दिली, लोणचं दिलं. बोलले नाही.

धानाच्या रोपांचे पऱ्हे रोवायला आले तेव्हा आम्हा बारा जणींना रस्त्यापलीकडच्या गावात रोवणीला बोलावलं. ती पण होती, आईच्या जागी आली होती. चिखलात ती माझ्या डाव्या हाताला उभी राहिली. समोरच्या बांधीत त्या गावच्या बाया होत्या, आणि त्यांच्यात ती मंडळाची बाई. तिनं मला पाहिलं, खाली वाकली आणि जोरजोरात रोवायला लागली.

दुपारच्या आधी त्या रांगेतून कोणीतरी गाणं धरलं. लाल वाटेची चाल, बुद्धपौर्णिमेचे शब्द. आता ती त्या गावाची झाली होती, म्हाताऱ्या बायाही म्हणत होत्या. त्या जागेवर आल्या आणि पायरी पायरीनं वर चढल्या. आमच्या रांगेनं ओळ उचलायची पाळी आली. आमच्या बाया उचलणार तेवढ्यात मला माझाच आवाज ऐकू आला.

"ते चाल हिची आहे."

मी वाकलेलीच होते, हातात पऱ्ह्याची पेंढी होती. कदाचित म्हणूनच निघालं. सगळ्या थांबल्या. मी पुन्हा म्हणाले, "हिनं बांधली. आमी तुमाले देल्ली. तुमी तिच्यातली एक जागा मोडली."

समोरून मंडळाची बाई उभी राहिली. चिखलाचे हात लुगड्याला पुसले. मला वाटलं भांडेल. ती म्हणाली, "हिचीच आहे व बाई. मी कवा नाही म्हनलं? त्या दिवशी माही भाची म्हनून गेली, मी बसून राहिली. तू बी तं बसून राहिली."

"हो," मी म्हणाले.

आमच्या रांगेतली एक म्हातारी म्हणाली, "मंग गाऊ द्या न पोरीले. आयकू तरी कशी आहे ते जागा."

सगळ्या तिच्याकडे पाहू लागल्या. समोरच्या रांगेतल्या तीन जणी ओळखीच्या, बाकीच्या नाहीत. जे मला त्या सभागृहात म्हणायचं होतं ते मी म्हटलं होतं, सात महिन्यांनी, गुडघाभर चिखलात, जिथं कोणाच्याच हातात तिला द्यायला काही नव्हतं.

तिनं मान वर केली नाही. एक रोप रोवलं, दुसरं रोवलं. "मले नाही येत आता ते," ती म्हणाली, आणि खोकली.

मग काय झालं मला कळलं नाही, मी गायला लागले. मला गळा नाही. आयुष्यात मी बायांच्या रांगेत एकटी गायले नव्हते. "लाल झाली वाट, माय," इथवर आलं. "कधी"वर आवाज फुटला, म्हशीच्या रेडकासारखा. दोन्ही रांगा हसल्या, वाईट नाही, रोवणीत हसतात तशा. म्हातारी म्हणाली, "तुह्या तोंडाची किल्ली कोनं देल्ली व आज?"

ती हसली नाही. रोवत रोवतच, माझ्याकडे न पाहता म्हणाली, "तिथं जोर नको लावू मावशी. 'माय' झालं का श्वास घ्याचा. मंग सोडून द्याचं."

"कुठं?"

"'माय'नंतर. आधी नाही."

मी पुन्हा म्हटलं. पुन्हा फुटलं.

"श्वास नाही घेतला तुनं," ती म्हणाली. समोरच्या रांगेनं दुसरं गाणं धरलं आणि आम्ही सगळ्या एक पाऊल मागं सरकलो.

त्यानंतरही ती विहारात आलेली नाही. निवड येत्या हिवाळ्यात पुन्हा होणार आहे, गुरुजींनी कात्रण जपून ठेवलं आहे. मी त्यांना त्याबद्दल विचारत नाही. संध्याकाळी चुलीपुढं मी ती ओळ म्हणून पाहते. मधल्या घराच्या पलीकडून कधी कधी तिचा खोकला थांबतो, म्हणजे ती ऐकत असावी. त्या जागेवर आले की मी अजूनही श्वास घ्यायला विसरते.